टेलची पाळी

३ मार्च २०१९, रवि.
नवी वही. जुनी ह्यांच्या कागदांत गेली, सापडत नाही.
विष्णूकडून फाईल आली. पिशोरला त्याच्या कृषी केंद्रात गिऱ्हाईक नाही, दिवसभर काउंटरवर कॉम्प्युटर उघडा. पूर्वी आठ-आठ दिवस लावायचा, आता दुसऱ्याच दिवशी चाल खेळून मोकळा. दुष्काळाचा एवढाच फायदा, म्हणतो.
विसरायला नको म्हणून पहिल्या पानावर. कॉम्प्युटरवरचा जुन्या दख्खनचा डाव, चौघं, चार राज्यं, फाईल एक. विष्णू चांद्याचा गोंड राजा, अनघा आदिलशाही, सलीमसर मोगल, हे निजामशाही. आपली चाल खेळायची, फाईल पुढच्याला पाठवायची. चौघांचं झालं की डावात एक वर्ष सरतं. फाईल कुणाकडे कधी, ते पाळीपत्रकात. ते हे काढायचे. हे गेल्यापासून, ऑक्टोबरपासून, मी काढते. निजामशाहीही मीच चालवते.

१० मार्च, रवि.
महिन्याची बैठक, आमच्याकडे. पोहे केले. नळ काल येऊन गेला, त्यामुळे भांड्यांची चिंता नव्हती. ह्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही आणि सगळे सतरंजीवर दाटी करतात, म्हणून मीच खुर्चीवर बसले.
विष्णू म्हणाला, "वहिनी, पाळीपत्रकात पहिलं नाव माझं कसं? टेल आता मी नाय."
"मग कोण?"
"तुमीच की. भाऊंनी नुसते कालवे खणले. फौज कोण उभी करणार होतं?"
अनघा कपातला चहा ढवळत राहिली. साखर विरघळून बराच वेळ झाला होता.
सलीमसर म्हणाले, "विष्णू, पोहे खा ना भई."

११ मार्च, सोम.
हे कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी जायकवाडीच्या कालव्यावर. कालव्याच्या पार टोकाचा शेतकरी तो टेल. वरचे उपसून घेतात, टेलला पोचेपर्यंत चारीत ओलसुद्धा राहत नाही. म्हणून नियम असा की आधी टेलला पाणी, मग वर वर येत माथ्याला. नोकरीत ह्यांना ते फारसं जमलं नाही. वरचे लोक ऐकत नसत. डावात जमवलं. सगळ्यात दुबळं राज्य पहिलं खेळणार.
अनघाला सुरुवातीला 'पाळीपत्रक' म्हटलं की हसू यायचं. हे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, पाण्याची पाळी, अनघा.
विष्णूचं खरं आहे. महसूल, फौज, गड, तिन्हींत निजामशाही तळाला. जानेवारीपासून मला दिसत होतं. आपलं नाव वर लिहायचं म्हणजे...

२४ मार्च, रवि.
डावातल्या पुढच्या वर्षाचं नवं पाळीपत्रक ग्रुपवर टाकलं. १ निजामशाही, २ गोंड, ३ आदिलशाही, ४ मोगल.
विष्णूनं नुसता अंगठा पाठवला. नंतर फोन केला, "राग नाय ना आला, वहिनी?" म्हटलं, नाही. आला होता, पण त्याच्यावर नाही.

२७ मार्च, बुध.
फाईल माझ्याकडे, हे वर्ष अजून जुन्याच क्रमानं. सावकाश पाहिली. माझी शाळा सातवीपर्यंत, डावातली इंग्रजी कोश घेऊन वाचते. ह्यांनी माझ्यासाठी एका कागदावर अर्थ लिहून भिंतीला चिकटवला होता. गडावरची फौज म्हणजे शिबंदी हा शब्द मात्र मी त्यांना दिला, वाचनालयातल्या पुस्तकातला. आता चौघंही तोच वापरतात.
मोगल फौज बुऱ्हाणपूरला बसलेली. मागच्या महिन्यातही तिथंच होती. जुन्या फाईली एकेक उघडल्या. ऑक्टोबरपासून हललेली नाही. आमच्या दौलताबादची शिबंदी निम्मी आहे, वाट मोकळी आहे. सलीमसर छावणीच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांना हे दिसत नसेल असं नाही.

७ एप्रिल, रवि.
अनघा चितेगावहून आली. कंपनीला सुट्टी. दोन कॅन पाणी घेऊन आली. आमची गल्ली पाइपलाइनच्या शेवटाला, मागं ती बारा मजली इमारत झाल्यापासून नळाची धार करंगळीएवढी. बोअर फेब्रुवारीतच गेला.
विचारलं तिला, सलीमसर मुद्दाम थांबलेत का?
"काकू, सगळ्यांना माहितीये. तुम्हाला कळू नये असं ठरलं होतं."
"कुणी ठरवलं?"
"कुणी असं नाही. काकांच्या तेराव्याला विषय निघाला होता."
म्हणजे तेराव्याला मी आत चहा करत होते तेव्हा. एवढे महिने मी चाली खेळले, त्या खेळायला समोर कुणी नव्हतंच. मला वाटत होतं, मला जमतंय.

९ एप्रिल, मंगळ.
सलीमसरांना फोन.
"हौ भाभी, बोला."
म्हटलं, बुऱ्हाणपूरची फौज आजारी आहे का?
ते म्हणाले, "दौलताबादच्या मागं साहेबांचं गाव आहे, भाभी. खडकी म्हणजे जुनं आपलंच शहर. माझ्या हातानं घेऊ?"
मी ह्यांचाच नियम सांगितला. पाळी आली की पाणी घ्यायचं. सोडलेली पाळी बुडाली, परत मागायची नाही. अन् दुसऱ्यावर उपकार म्हणून सोडायची तर अजिबात नाही, त्यानं सगळं पत्रक बिघडतं.
"तुम्ही हरलात तर डाव बंद कराल. मग आम्ही रविवारी कुठं जायचं?"
नळाला पाणी आलं म्हणून फोन ठेवला. खरंच आलं होतं.

१६ एप्रिल, मंगळ.
माझी पाळी. नव्या पत्रकात पहिली.
फौज वाढवायची तर खर्च कुठून तरी काढायचा, आणि निजामशाहीचा सगळा खर्च कालव्यांच्या दुरुस्तीवर. ह्यांनी पैठण, जालना, अंबड, जिथं डाव परवानगी देईल तिथं खणलेत. नोकरीत न जमलेले सगळे. सकाळी बसले ते दुपारपर्यंत. एकेक बंद करत गेले. बंद करताना डाव विचारतो, नक्की का? दर वेळी विचारतो.
खडकीची नहर, आपल्या शहराला पाणी आणणारी, तेवढी ठेवली. तिच्या पैशात दौलताबादला आणखी शिबंदी बसली असती. ठेवली.
फाईल विष्णूला पाठवली.

२० एप्रिल, शनि.
विष्णूचा फोन. "वहिनी, कालवे बुजवले? भाऊ असते तर हाणलं असतं तुमाला." मग म्हणाला, "पण गड आता बरा दिसतो. लई उशिरा केलं."
त्याची चाल झाली. फाईल अनघाकडे.

२५ एप्रिल, गुरु.
अनघानं फाईल सलीमसरांना दिली. मला वेगळा निरोप: काकू, मी कुणाचीच बाजू घेतली नाही. बरोबर ना? बरोबर, लिहिलं.

२६ एप्रिल, शुक्र.
सलीमसर स्वतः आले. छावणीतून एवढ्या उन्हात, स्कूटरवर. पाणी दिलं तर अर्धाच पेला घेतला. हल्ली सगळेच अर्धा घेतात.
"नहर चालू ठेवली तुम्ही."
"हो."
"मी खडकीत आलो तर मी पण चालूच ठेवीन."
"ते तुमचं. आधी पाळी घ्या."
ह्यांच्या खुर्चीकडे पाहिलं त्यांनी. मग तिच्यावर बसले, विचारून नाही. गणिताचे मास्तर, बोटांवर काहीतरी मोजलं. "आठ दिवस द्या, भाभी. तुम्ही गड मजबूत केलाय, आता मला पण सोपं नाही." पहिल्यांदाच ते माझ्याशी ह्यांच्याशी बोलायचे तसं बोलले.
जाताना दारात म्हणाले, "मेहरबानी म्हणून थांबलो नव्हतो. मला सवयच नाही, साहेबांशिवाय खेळायची."
मला तरी कुठं आहे, असं म्हणायचं होतं. स्कूटर सुरू झाली.

४ मे, शनि.
आज आठवा दिवस. नळ आला, पाऊण तास. पिंप, दोन हंडे, घागर, बादल्या, सगळं भरलं. कॉम्प्युटर सकाळपासून उघडा ठेवला आहे. फाईल अजून नाही.
पुढच्या वर्षाचं पाळीपत्रक आखून ठेवलं. चार रेघा मारल्या. पहिली ओळ कोरी, टेल कोण ते फाईल आल्यावर.