पुढच्या स्टेशनावर

प्रिय,

‘प्रिय’च्या पुढे काय लिहावं या विचारात चहाचा अख्खा कप गार झाला. शेवटी ती जागा मोकळीच ठेवली. आमच्या शेजारच्या काकू तुला बिनदिक्कत माझी ‘सवत’ म्हणतात. अहो काकू, आमचा घटस्फोट आधी झाला, त्यांचं लग्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी, मग सवत कशी होईल, हे समजावून माझं तोंड दुखलं. वयाने तू माझ्याहून लहान आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. त्या दिवशी शहरभर आपण दोघी ‘तुम्ही आधी’, ‘नाही नाही, तुम्ही’ करत फिरलो, ते आठवून मला आता हसू येतं. एकाच पिशवीत मुलांच्या ओल्या चड्ड्या कोंबताना कुणी अहो-जाहो करतं का?

मुलं मजेत आहेत. त्यांच्या बाबाने रविवारी त्यांना दारात सोडलं, तेव्हापासून घरात तुमच्या शहराशिवाय दुसरा विषय नाही. धाकटा भोपू पलंगावर पालथा पडून हातपाय मारतो आणि स्वतःच ओरडतो, ‘बुडबुडे काढ! बुडबुडे!’ त्याचा आवाज तुला ठाऊकच आहे, त्याला उगाच भोपू म्हणत नाहीत. खालच्या मजल्यावरचे आजोबा काल विचारायला आले, कुणी बुडतंय का म्हणून. मोठी आता टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ठेवते. ‘पोहणाऱ्यांचा टॉवेल असाच असतो,’ असं मला ऐकवलं तिने. सात वर्षांची आहे, पण बोलते सासूबाईंसारखी.

खरं सांगू? त्यांचा बाबा प्रत्येक सुट्टीत म्हणायचा, मुलांना एकदा पाठव, शहर बघू दे, आमचं घर बघू दे. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढायचे. कधी सर्दी, कधी शाळा, कधी धाकटा अजून लहान आहे. या वेळी त्याने विचारायच्या आधी मीच फोन करून सांगितलं की घेऊन येते. ‘सगळं ठीक आहे ना?’ एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, हो, काय व्हायचंय मला. पण त्याला हे सांगितलं नाही की माझ्या पर्समध्ये जायच्या दिवशीच रात्रीच्या गाडीची परतीची तीन तिकिटं होती. जायचं, बघायचं आणि मुलांना घेऊन परत यायचं, असं मी ठरवलं होतं.

गाडीत भोपूने डोकं खाल्लं. शहर सुरू झालं की नाही? हे शहर आहे का? मग हे? कारखान्याच्या चिमण्या दिसल्या की हे शहर, उंच इमारत दिसली की हे शहर. मोठी मात्र खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्या मनात काहीतरी चाललंय हे मला कळत होतं, पण मी विचारलं नाही.

आणि स्टेशनावर तू एकटी! मी त्याला शोधत होते आणि समोर तू, आखूड ओले केस, अंगाला तरणतलावाच्या औषधाचा वास, हातात पुठ्ठा आणि त्यावर रंगीत खडूने काढलेली, मोठीसाठी एक चिमणी आणि भोपूसाठी एक भोंगा. ‘ते यायचेच होते, पण एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकलीय, आत माणसं आहेत, जावंच लागलं.’ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर मी सहा वर्षं संसार केला. लिफ्ट नेमकी केव्हा अडकते हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. तरी माझं डोकं फिरलं. माझा चेहरा तू पाहिलाच असशील. मी दातांच्या कवळ्या बनवते, दिवसभर प्लास्टरचे साचे आणि मेण हाताळते, त्यामुळे कुणीही भेटलं की माझी नजर आधी त्याच्या दातांवर जाते. तुझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत. मला दुष्ट आनंद झाला. चला, एक तरी खोट सापडली, म्हटलं.

मग तू आम्हाला, तू पोहायला शिकवतेस त्या तलावावर नेलंस. सकाळचे वर्ग संपले होते, पाणी रिकामं होतं. भोपू काठावर उभा राहून रडायला लागला आणि मी पुढे होऊन त्याला उचलायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. तुला वाटलं असेल, काय ही आई, पोर रडतंय आणि हिला उचलवत नाही. तू त्याला म्हणालीस, ‘रड. रडून झालं की पाय बुडव. पाण्याला घाई नाही.’ तो आणखी थोडा रडला आणि मग खरंच त्याने पाय बुडवले, आणि शेवटी तू त्याला दोन्ही हातांवर धरून पाण्यातही उतरवलंस. घरी मी त्याला दहा वेळा ‘रडू नको, रडू नको’ म्हणते, आणि तो बाराव्या वेळपर्यंत रडतो.

मोठी तुझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती, हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं कसं म्हणू? तू काही विचारलंस की ती उत्तर मला सांगायची, आणि मी ते तुला सांगायचे, जणू तुम्ही दोघी दोन वेगळ्या देशांतल्या. दुपारी संग्रहालयात देवमाशाच्या त्या प्रचंड सांगाड्याखाली तू भोपूला त्याच्या बरगड्या दाखवत होतीस. तेव्हा मोठीने मला खाली ओढलं आणि माझ्या कानात विचारलं, ‘आई, मला ती आवडली तर तुला चालेल?’

बाई गं, त्या एवढ्याशा पोरीने हे ओझं स्टेशनापासून एकटीने उचलून आणलं होतं. मी म्हटलं, ‘चालेल. पळेल सुद्धा.’ ती हसली, पण पूर्ण नाही. मुलांना खरं आणि तोंडदेखलं यातला फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. त्या क्षणी मी ते तोंडदेखलंच बोलले होते.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तुला माहीत नाही. जमिनीखालच्या गाडीसाठी आपण उभ्या होतो. ऑफिसं सुटायची वेळ, गर्दी वाढली होती. गाडी आली. भोपू नेहमीप्रमाणे माझा हात सोडून पुढे धावला, त्याच्या मागे तू झेप घेतलीस, आणि दरवाजे मिटले. मी आणि मोठी बाहेर. काचेतून मला तू दिसलीस, त्याला छातीशी धरलेली, दुसऱ्या हाताने मला काहीतरी खुणा करणारी. काय खुणावतेस ते मला कळलं नाही. गाडी गेली.

मी त्या काळ्या बोगद्याकडे बघत राहिले. तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, कारण आजवर सगळं बोलणं त्याच्यामार्फत. त्याला फोन लावला तर तो लिफ्टच्या खड्ड्यात कुठेतरी लोंबकळत असणार, उचलेना. आता खरं सांगते. आधी मनात आलं ते वाईटच आलं. पोराला घेऊन गेली, असंच आलं. जिला दोन वर्षं मी मनातल्या मनात लाखोली वाहिली, तिच्याच कडेवर माझं पोर, आणि मी इथे हात चोळत उभी. मी बाकावर बसले. तेव्हा मोठी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, घाबरू नको. ती त्याला सोडणार नाही. तिने पाण्यात पण सोडलं नाही.’

तुला सांगते, ते ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी बसलं, जसा उकळी आलेल्या दुधाखालचा गॅस कुणी बंद करावा. मला कळलं की हे मलाही माहीत आहे. सकाळपासून मी तुझ्यात खोट शोधत होते आणि दातांपलीकडे एकही सापडली नव्हती. पोर हरवलं नव्हतं. पोर तुझ्याजवळ होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या बाकावर उमगलं.

पुढची गाडी आली, आम्ही चढलो आणि पुढच्याच स्टेशनावर उतरलो. कुठे शोधायचं असा प्रश्नच पडला नाही, कारण भोपूचा आवाज दरवाजा उघडायच्या आधीच ऐकू आला. तू जिन्याजवळ उभी होतीस, त्याला खांद्यावर बसवून, म्हणजे आम्हाला गर्दीतून दिसावं म्हणून. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो ‘आई!’ म्हणून हाक मारत होता, आणि एक-दोन अनोळखी बाया वळून बघतही होत्या. मी धावत आले, तोपर्यंत मोठीने तुझ्या कमरेला मिठी मारली होती. माझ्याआधी. माझ्या पोटात कळ उठेल असं मला वाटलं. उठली नाही. मी रडले ते भोपूसाठी, असं तू समजलीस आणि मला पाण्याची बाटली दिलीस. ‘मी पुढचं स्टेशन, पुढचं स्टेशन असंच सांगत होते हो हातांनी,’ तू म्हणालीस आणि तूही रडायला लागलीस. भोपू वरून दोघींच्या डोक्यावर थापट्या मारत म्हणाला, ‘रडा. रडून झालं की घरी जाऊ.’

संध्याकाळी तो आला, हात कोपरापर्यंत काळे, अडकलेली माणसं सुटली म्हणून खूश. तुमच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात आपण पाच जण सूप पीत बसलो, खुर्च्या चारच, म्हणून तू खिडकीच्या कट्ट्यावर. मुलांना आठवडाभर इथेच ठेवते, असं मी म्हटलं तेव्हा त्याचा चमचा हवेतच राहिला. तू मात्र उठून लगेच चादरी काढायला गेलीस. माझं मन बदलायच्या आत गाद्या घालून टाकाव्यात, असा तुझा बेत असावा. परतीच्या गाडीत मी एकटी बसले, शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या. मला वाटलं होतं हुंदके येतील. मी चक्क झोपले. तिकीट तपासनिसाला मला हलवून उठवावं लागलं.

आता हे सगळं फोनवर सांगायचं सोडून पत्र का, ते लिहिते. तलावाच्या काठावर मी भोपूला उचललं नाही, कारण आदल्याच आठवड्यात माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला होता आणि टाके ओले होते. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर तिने अंथरूण धरलं असतं, आणि त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती. रिपोर्ट यायचा होता. दिवसभर कवळ्या घासताना एकच विचार असायचा, मला काही झालं तर ही दोघं कुणाच्या घरी उठतील, कुणाच्या हातचं जेवतील. म्हणून मी आले. शहर दाखवायचं हे निमित्त होतं, मला तुला बघायचं होतं. परवा रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात काढून टाकू, लहानसं काम आहे, फक्त काही आठवडे जड उचलायचं नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मनसोक्त रडले, आणि डोळे पुसल्यावर पहिल्यांदा तुझीच आठवण झाली. त्याला सांग, पण आधी जेवू दे आणि मग सांग, तो पटकन घाबरतो. ते काही आठवडे मुलांना तुझ्याकडे पाठवू का, हे विचारायला बसले होते. पण लिहिता लिहिता वाटलं, त्यापेक्षा तूच चार दिवस सुट्टी काढून इकडे ये. माझ्यानंतर मुलांना कोण, हे बघायला मी आले होते. आता त्या ‘नंतर’ची काही घाई नाही. तू माझ्याबरोबर राहायलाच ये.

वाट पाहते,
तुझीच,
मोठीची आणि भोपूची आई