बी गळेपर्यंत गुरं बाहेर

या माळाची खरी किंमत खरेदीखतात नाही, म्हणून आधी ती लिहा: माझा डावा कान, मेहुण्याचे पुढचे तीन दात आणि त्याचा एक बैल.

मी, खाटकाकडे हाडं उचलत वाढलेला आणि आज स्वतःच्या कळपाचा मालक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. धाक कोण घालणार? माझ्यावर उगारलेली काठी मी आजवर हवेतच धरली आहे. उरलेल्या कानाला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. ‘म्हातारा आटपला की माळ विकू,’ हे धाकट्याचं बोलणं त्यानेच टिपलं.

१. घर व ठेवी बायकोस. दोन्ही मुलगे एकदम जेवायला आले तर तिने सुऱ्या कुलपात ठेवाव्यात. मागच्या खेपेस थोरल्याने धाकट्याचं डोकं ओट्यावर आपटलं, रक्त माझ्या ताटात उडालं.

२. गुरांना डाग द्यायची सळई मेहुण्यास. जुनं गवत जाळल्याशिवाय माळावरच्या निळ्या फुलाला ऊन लागत नाही. पहिल्या वर्षी मी याच तापल्या सळईने पेटवलं, वारा फिरला, त्याचा बैल होरपळून मेला. त्याने माझा कान चावून तोडला, मी दगडाने त्याचे दात पाडले. सळई त्याने थंड असताना न्यावी.

३. माळ. हे फूल बाकी ठिकाणी जवळजवळ संपलं आहे. कळी धरल्यापासून बी गळेपर्यंत गुरं बाहेर. नंतर गवत बुडापर्यंत चारायचं, नाहीतर तेच फुलाचा गळा आवळतं. दर वर्षी एकच तुकडा जाळायचा, आळीपाळीने. नियम माझेच. पण सोमवारी चारा संपला, मुलांनी माझा कान भरला आणि मीच गुरं घेऊन फाटक उघडायला गेलो. गुराखीण आडवी आली.

“मालक, बी हिरवं आहे अजून. गुरं मागे घ्या.”

“माळ कोणाचा गं?”

“तुमचा. हातही तुमचाच. कडीवरून काढा, नाहीतर मोडेन.”

“मोड की!”

गुरं मागे फिरली.

सबब माळ, कळप व फाटकाची किल्ली वरील नियमांसह या गुराखीणबाईस देत आहे. मुलांनी खुशाल दावा लावावा. आधी फाटकापाशी जाऊन तिच्याशी बोलून बघावं.

स्थळ: दवाखाना, पुरुषांची खोली, खिडकीजवळची खाट.
दिनांक: बी गळायला लागलं तो गुरुवार.
साक्षीदार: हाडांचे डॉक्टर, शेजारच्या खाटेवरचे सुतार.
सहीऐवजी निशाणी डाव्या अंगठ्याची, कारण उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे.