जुन्या गल्लीत उतरणारं जेट

निलंगा
१२ ऑगस्ट २०१७

प्रिय आलोक,

तू मोबाईलवर पाठवलेले रिमोटवरच्या छोट्या जेटचे फोटो मिळाले. तिन्ही विमानं बघितली, आणि खालचं ‘लवकर सांग, कुठलं मागवू?’ हेही वाचलं. लवकर सांगायचं तर फोन पुरला असता. पण तुला फोन केला की तू नांदेडच्या त्या क्लासच्या जिन्यात उभा राहून बोलतोस, मागं बेल वाजते, आणि ‘अमऱ्या, बॅच सुरू झाली रे’ म्हणून आपलं बोलणं तिथंच राहतं. म्हणून हे पत्र. अक्षर जरा मोठं आलंय आणि ओळी वर-खाली पळतायत, तेवढ्याचे मार्क कापू नका, सर.

आधी त्या लढाऊ विमानाचं बोलू. तिघांत तेच देखणं आहे आणि तुझा जीव त्याच्यावरच बसलाय, हे मला कळलं, कारण त्याचे चार फोटो पाठवलेस आणि बाकीच्यांचा एकेक. पण त्याची चाकं बघ, सुपारीएवढी. गवतात गुंतली की विमान नाकावर पडणार. त्यात हवा आत घ्यायची तोंडं पोटाखाली. आपल्या गवतात कुसळं आहेत, खडे आहेत, वाळका पाला आहे. टर्बाइननं यातलं काहीही ओढून घेतलं की पात्यांचा सत्यानाश. दुसरं, त्रिकोणी पंखांचं, ते उतरताना फार वेगात येतं. त्याला डांबराची लांबलचक पट्टी पाहिजे, ती आपण कुठून आणायची?

तू तिसरं घे. साधं आहे, माहीत आहे मला. तू त्याला ‘बैलगाडी’ म्हणालास. पण पंख सरळ आणि जाड आहेत, म्हणजे ते हळू उतरेल. चाकं मोठी, मऊ रबराची. पाय स्प्रिंगचे आहेत, दणका बसला तरी मागं झुकून सोसतील. इंजिन पाठीवर, त्यामुळं खालचा कचरा आत जायचा नाही आणि गरम झोतही गवतापासून वर राहील. गवत चाकांना धरून ठेवतं म्हणून इंजिन थोडं जास्त ताकदीचं सांग. पायांच्या मुळाशी लाकडी फळी असते, ती आल्या आल्या काढून मी जाड प्लायची बसवीन; दुकानात पडलीच आहे. आणि रंग पिवळा सांग. वरून पिवळा, खालून काळा. पांढरं अजिबात नको.

तू इकडं येऊन किती वर्षं झाली, त्यामुळं आपली पट्टी आता कशी आहे हे तुला ठाऊक नाही. मल्लप्पामामाचं गाव भूकंपात गेलं, नवं गाव तिकडं माळावर वसलं, आणि जुनं गावठाण तसंच गवतात पडून राहिलं. मामाचा शेजारी सिद्धराम आणि मी दगड वेचून तिथं विमानासाठी जागा केली. मी म्हणत होतो, रुंद करू, लांब करू, सपाट जागा भरपूर आहे. सिद्धरामनं फावडं खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘मालक, हितनं चाक न्हाई न्यायचं. माय हाय हितं. तिकडं तुमची मामी. रस्त्यावर काय बी करा, घरांवर नको.’ मग आम्ही जुनी मुख्य गल्ली तेवढी मोकळी केली. मठापासून शाळेपर्यंत, सरळ आणि अरुंद. बाकीची काळी माती पावसात पाय धरते, पण गल्लीत तेव्हाचा मुरूम आहे, त्यामुळं तिथलं गवत विरळ आणि जमीन घट्ट. लोक कुठं राहत होते आणि कुठून चालत होते, हे आता फक्त त्या गवतावरून कळतं. सिद्धराम तिथं जाताना अजूनही गल्लीनंच जातो, मधून आडवा जात नाही. मीही जात नाही.

तर अशा जागेत उतरणारं विमान पाहिजे. आणि एक गोष्ट तुला शिकवायची हिंमत करतो. टर्बाइन आपल्या जुन्या इंजिनासारखं नसतं. रिमोटची काडी पुढं ढकलली की लगेच जोर येत नाही, दोन-चार सेकंद ते नुसतं घुमतं. त्यामुळं उतरणं जमत नाहीये असं वाटलं तर पुन्हा वर न्यायचं ते आधीच ठरवावं लागतं. चाकं गवताला टेकायला आली आणि मग ठरवलं, तर उशीर झालेला असतो.

आपण दोघांनी सगळं असं उशिराच ठरवलं बघ. अकरावीला लातुरात असताना पहिलं इंजिनवालं विमान केलं होतं, तारेवर गोल फिरणारं. रविवारी मामाच्या गावी नेऊन उडवायचं ठरलं होतं. गणपती गेले आणि दुसऱ्या पहाटे गावच राहिलं नाही. मामा वाचला, मल्लम्मामामी गेली. त्या आठवड्यात तिथं आपण लष्कराची हेलिकॉप्टरं उतरताना बघितली, आणि त्या वयातही तू किंवा मी त्यांच्याकडं बोट दाखवलं नाही. विमानाचं नाव पुढं वर्षभर काढलं नाही. नंतर बारावी आली. मग माझे अप्पा गेले आणि मी दुकानात बसलो. तू भाड्याच्या खोलीत फिजिक्सची शिकवणी काढलीस, बघता बघता लातूरभर पाट्याच पाट्या झाल्या आणि नांदेडनं तुला उचलून नेलं. मला तुझा अभिमान आहे रे. गावोगावची पोरं तुझं नाव घेतात तेव्हा मी गिऱ्हाईक सोडून सांगत बसतो की हा माझा मित्र.

पण वाईटही वाटतं, आणि ते आज लिहूनच टाकतो. हैदराबादच्या मैदानावर आपण पहिल्यांदा ते छोटं जेट बघितलं, आठवतं? रॉकेलच्या वासात तू माझा दंड इतका दाबलास की निळा पडला. येतानाच्या एसटीत ठरलं, आपलंही होणार, या दिवाळीला. ती दिवाळी तुझ्या नव्या बॅचला गेली. पुढची माझ्या थोरलीच्या आजारपणाला. त्यानंतर रिझल्ट, लग्नं, दुकानाचं बांधकाम. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, म्हणून भांडताही आलं नाही. अंजू परवा म्हणाली, ‘तुमचं दोघांचं विमान म्हंजे माझ्या माहेरची वाट हाय, दर वर्षी ठरतंय आन् दर वर्षी ऱ्हातंय.’ मी हसलो, पण नंतर जेवण गेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. गेल्या कार्तिकात मी माझं पंख्याचं विमान उडवत होतो. चांगलं वर गेलं, आणि एकाएकी आभाळ रिकामं झालं. आवाज येत होता, विमान नव्हतं. सिद्धराम ओरडला, ‘मालक, डोस्क्यावरच हाय की वो!’ मला दिसलं नाही. डाव्या डोळ्याचा पडदा साखरेनं खाल्लाय, उजवा चालू आहे पण तोही खालावतोय. लेझर झालं, सुया झाल्या. तेव्हापासून रिमोटला हात लावलेला नाही, आणि तुला पाठवत होतो ते सगळे फोटो मागच्या सालचे होते. ते तिसरं विमान मी गवतासाठी निवडलं हे खरं, पण त्याहून जास्त तुझ्यासाठी निवडलंय. तुझा सराव गेलाय आणि तुझ्या हातातून ऐन वेळी रिमोट घ्यायला मी असणार नाही, म्हणून चुकलं तरी सांभाळून घेणारं पाहिजे होतं. रंग मात्र माझ्यासाठी निवडला. पिवळं मला अजून बऱ्यापैकी दिसतं. आजच मागव म्हणजे दसऱ्यापर्यंत येईल. तेव्हा गवत हिरवं असतं, पेट घेत नाही. एक बॅच दुसऱ्या कुणाला दे आणि ये. आपलं जेट त्या गल्लीतून उठताना मला बघायचंय, आलोक. फक्त या वेळी दिवाळीनंतर बघू असं म्हणू नकोस. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांनी उजव्या डोळ्याचं दिवाळीपर्यंतचंच सांगितलं.

तुझी वाट बघत राहिलेला,
तुझाच
अमरेश