साच्यावरची गाठ

इंदूर, ११ जानेवारी १९९३

ती. वासुदेवरावांस दौलतरावाचा शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या सरोजिनीने, लगेच पेढे आणले. निम्मे तिनेच खाल्ले.

मिल काही सुरू होत नाही. गेटवर नुसते भाषणवाले येतात. रिकामं बसवेना, म्हणून वरच्या खोलीची वायरिंग मीच केली. वायर तुकड्यांत होती, पण जोडायचं मला कोण शिकवणार? मिलमध्ये साच्यावर कापड विणताना सूत तुटलं की मारायचो तीच गाठ मारली. वरून मेडिकलची चिकटपट्टी, त्यावर गिलावा. ओढून पाहिलं, हलत नाही. तुमचा धंदा उगीच अवघड वाटायचा, राग नसावा.

हीटरवर पाणी ठेवलं की भिंतही कोमट होते. थंडीत बरं वाटतं. मांजर तिथेच टेकून असतं. शेजारचा हरी म्हणाला, भिया, अपना भी कर दो. त्याचंही घर केलं. गल्लीत आता मला बिजलीवाले म्हणतात. मिल सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणी कशाने तरी हाक मारली.

लोभ आहे तसा राहू द्या, आणि डोळा चोळू नका.
आपला, दौलतराव


पुणे, १६ जानेवारी १९९३

श्री. दौलतरावांस स. न. वि. वि.

अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. तार मिळाली असेलच. ‘मेन बंद करा, मांजर हलवा’ हे वाचून पोस्टातल्या बाईने तार करायला गेलेल्या आमच्या हृषीकेशला विचारलं म्हणे, माणसं हलवायची नाहीत का.

तुमची गाठ मी पाहिली आहे, देखणी असते. पण सुताला ओढ सोसायची असते, वायरीतून करंट जायचा असतो. गाठीत तांबं तांब्याला जेमतेम टेकतं. हीटरचा सगळा लोड तेवढ्याशा जागेतून जातो आणि ती तापते. मांजराला आवडते ती ऊब आगीच्या थोडी अलीकडची आहे. आणि मेडिकलची पट्टी जखमेला लावतात.

लालबागच्या मेळ्यात दिव्यांच्या माळा चढवत मी हा धंदा शिकलो. आमचा उस्ताद म्हणायचा, जोड करूच नको. बोर्डापासून प्लगपर्यंत अख्खी वायर टाक. करावाच लागला तर मेन बंद करून टोकं सोला, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये आवळा, उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये. एकेक वायर ओढून बघा. मग ते सगळं डबीत, आणि डबीचं झाकण कधीही उघडता आलं पाहिजे. गिलाव्याखाली जोड पुरायचा नाही. हीटरला जाड वायर लागते. तुमच्याकडच्या विजेच्या दुकानातल्या शरदचंद्राला बोलवा. काम तो करील, तुम्ही बघा.

हरीच्या भिंतीत काय आहे, ते तुम्हीच त्याला सांगा. सांगितल्यावर बिजलीवाले हे नाव राहील की जाईल, मला ठाऊक नाही. पण त्या खोलीत माणसं झोपतात.

सरोजिनीला आशीर्वाद. आमच्यावरचा राग ओसरला की कळवा.
वासुदेव


इंदूर, २५ जानेवारी १९९३

ती. वासुदेवरावांस शि. सा. न. वि. वि.

तार वाचली तसा मेन पाडला आणि भिंत फोडली. पट्टी करपलेली, वायरीचं प्लास्टिक वितळून विटेला चिकटलेलं. गाठ मात्र घट्ट होती.

हरीच्या दारावरून बरेचदा परत फिरलो. शेवटी सांगितलं. तो म्हणाला, दौलत भिया, रंग तो सूखने देते! त्याची बायको शालिनी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण हातोडा तिनेच आणून दिला. फोडताना गल्ली जमली. आधी सगळे हसले. मग एकेक जण आपली भिंत चाचपायला घरी गेला. सगळेच मिलवाले, रिकामपणी प्रत्येकाने घरात काही ना काही जोडलंय, आणि गाठ सगळ्यांना एकच येते.

आता अर्ध्या गल्लीच्या भिंती उघड्या आहेत. शरदचंद्र डब्या बसवतो, मी झाकणं धरून उभा राहतो. बिजलीवाले आता कुणी म्हणत नाही. शालिनी तोडफोडवाले म्हणते. लोक गिलाव्याची घाई करतात. मी सांगितलंय, वासुदेवराव येऊन प्रत्येक डबी उघडून, वायर ओढून बघेपर्यंत कुणी थापीला हात लावायचा नाही. तोवर सगळी गल्ली चुलीवर पाणी तापवते आणि मला शिव्या देते. देऊ द्या.

डॉक्टरांना विचारून लवकर निघा. लोभ करालच, न केलात तरी या.
आपला, दौलतराव