आतून बांधलेली भिंत

३ सप्टेंबर
पॅरिसहून मोंब्रेलला पोहोचलो. टेकडीवर तट, आत शे-दीडशे दगडी घरं, आणि एकही भिंत ओळंब्यात सरळ नाही! माझ्यातल्या मिस्त्र्याचं मन प्रसन्न झालं. चर्चला चिकटलेली कोठडी दुरुस्त करायची आहे. जुन्या काळी एखादा साधक तिथे स्वतःला चिणून घ्यायचा, गावासाठी प्रार्थना करायचा, जेवण खिडकीतून. रस्त्याकडची भिंत पार ढासळली आहे. नगराध्यक्षा मादाम वास्रो म्हणाल्या, मिस्त्री पुष्कळ आले, सगळे बाहेरूनच लिंपून गेले. मी ऐकवलं, कुठल्या शाळेत शिकलो नसेन, पण दगडांमधल्या आतल्या दरजा भरल्याशिवाय भिंत सोडणारा मी नव्हे. त्यांचे डोळे भरून आले. एवढी कदर पॅरिसात नाही.

९ सप्टेंबर
चुना लोण्यासारखा मळला गेलाय. बाझील, म्हातारा पाववाला, जेवण आणतो आणि टोमणे मारतो: "अहो मिस्त्री, दगडाला एवढं कुरवाळता, बायको उगाच नाही पळाली!" जाताना मात्र हळूच म्हणाला, शेवटचा थर बाहेर उभं राहून लावा. पाववाल्याने मला भिंत शिकवावी!

१४ सप्टेंबर
शेवटचा चिरा आतून बसवला. वीतभर खिडकी ठेवली. बाहेर सारं गाव गुडघे टेकून बसलेलं. थापी, छिन्नी धुऊन देते म्हणत मादामनी खिडकीतून मागून घेतल्या. चर्चकडचं दार, ज्यातून रोज ये-जा करतो, उघडत नाही. गंज असावा.

१५ सप्टेंबर
गंज नाही. पलीकडून अडसर आहे. घसा बसेपर्यंत ओरडलो. मादाम शांतपणे म्हणाल्या, आम्ही कुणाला डांबत नाही, बाबा. जो आपल्या हातांनी, आतून, भिंत पुरी करतो तोच आमचा साधक.
बाबा म्हणतात मला.

१८ सप्टेंबर
चमच्याने दरज खरवडली. सकाळी बाहेरून भरलेली. बाझीलला विनवलं. सूप ठेवताना रडत होता. "सांगितलं होतं ना तुम्हाला? आता तुम्हाला सोडलं आणि द्राक्षांवर गारा पडल्या, तर माझ्या नातवंडांनी काय खायचं?"

२३ सप्टेंबर
एका बाईने तापलेलं मूल खिडकीशी आणलं. म्हटलं, बरं करतो, पण अडसर काढा. कपाळाला हात लावला. खोटंच—

२४
ताप उतरला. घंटा वाजताहेत. आता हे मला कधीच—

२५
उजेडाने बाबांचं ध्यान मोडतं म्हणे. खिडकी बुजवताहेत. जेवणाचं विचारलं. मादाम म्हणाल्या, संताला कसली भूक. चिरा बाझीलच्याच हातात. वाकडा बसतोय— डावीकडे पाचर नाही— पाणी मुरेल, अरे गाढवांनो, उचला तो आधी, मग खालून चुन्याचा—