आईच्या यंत्राची बॅटरी

प्रिय ठकू,

फोनवर तू विचारतेस, "बाबा, जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो, तू?" तू म्हणतेस, "हो." मग थोडं हवापाण्याचं बोलून आपण फोन ठेवतो. आई होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि मी मागून एखादं वाक्य घुसडायचो. आता सगळं बोलणं माझ्या एकट्यावर आलंय आणि मला ते जमत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. इकडे बरं चाललंय. खालच्या मजल्यावरची नर्सबाई येता-जाता डोकावते. माझ्या भाजीत मीठ कधी असतं, कधी नसतं. आईचं शिलाई मशीन पुसून ठेवलंय. सुईत निळा दोरा ओवलेला आहे, तो मात्र काढवला नाही.

परवा तळ्याकाठी जाऊन आलो. आपल्या बाकावर कुणीतरी बसलं होतं, म्हणून उभाच राहिलो. आईच्या फुप्फुसांनी संप पुकारला, म्हणजे हे तिचेच शब्द, तेव्हापासून ते प्राणवायूचं यंत्र तिच्या खांद्याला लागलं. घरात ते वायरवर चालायचं आणि बाहेर बॅटरीवर. ती बॅटरी भरायला अर्धा दिवस जायचा आणि संपायला एक फेरफटका पुरायचा. "भिंतीच्या दावणीला बांधलंय मला," असं ती म्हणायची. मग दुकानदाराने तो झटपट चार्जर दिला. पहिले काही आठवडे आम्ही दोघं खूश होतो. पुढे बॅटरी लवकर मान टाकायला लागली, पण आम्हाला वाटलं, जुनी झाली असेल. आणि एके दिवशी तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला असताना यंत्र केकाटायला लागलं. तिला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. सबंध वाटेत ती एक शब्द बोलली नाही. आई गप्प म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

दोन दिवसांनी तू आलीस. आईला काही न विचारता आधी बॅटरी उचललीस, तेव्हा ती म्हणाली, "बघा, लेकीला माझ्यापेक्षा बॅटरीची काळजी." तू ती तुझ्या बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेत उघडलीस आणि मला फोटो दाखवलास. काळ्या पट्टीवर चंदेरी शेवाळ चढल्यासारखं दिसत होतं. तू बरंच काही समजावलंस. माझ्या डोक्यावरून जातंय हे पाहून मग म्हणालीस, "बाबा, तुम्ही जन्मभर थिएटरच्या दारावर उभे राहिलात ना? समजा, हॉल रिकामा आहे. तेव्हा लोक धावत आत आले तरी ज्याला त्याला खुर्ची मिळते. पण हॉल भरत आला तरी तुम्ही त्याच वेगाने सोडत राहिलात तर?" मी म्हटलं, दारातच कोंबाकोंबी होणार. तू म्हणालीस, "तेच. बॅटरीत लिथियमचे कण असेच दारात अडकतात, तिथेच धातू होऊन थिजतात आणि पुन्हा कधी कामाला येत नाहीत. थंडीत तर लवकरच, कारण तेव्हा त्यांना आत शिरायला वेळ लागतो." एवढं मला पक्कं समजलं. इतकी वर्षं मी दारावर दुसरं काय केलं होतं?

पुढचं सगळं वर्ष तू त्या कामात घातलंस. घरी आलीस तरी जेवताना ताटाशेजारी तुझे आलेख असायचे. शेवटी कंपनीची आणि डॉक्टरांची परवानगी काढून तू नव्या बॅटरीसोबत तो नवा चार्जर आणलास. तो बॅटरीला आधी जरा ऊब द्यायचा, मग रिकामी असेतोवर भराभर भरायचा, आणि भरत आली की आपणहून हात आखडता घ्यायचा. आई म्हणाली, "हा तुझ्या बाबांवर गेलाय. अंग गरम झाल्याशिवाय कामाला लागत नाही." पण तिचं जग त्याने मोठं केलं, ठकू. कॉफी पिऊन थोड्या गप्पा होईपर्यंत बॅटरी तयार असायची. आम्ही बाजारात जायचो, तळ्याला पूर्ण वळसा घालायचो. एकदा माझ्या जुन्या थिएटरमध्येही गेलो. यंत्राची घरघर ऐकून पुढचा माणूस सारखा मागे वळून बघत होता. आई त्याला म्हणाली, "अहो, पिक्चरपेक्षा हेच बरं वाजतंय." तो माणूस हसला आणि मध्यंतरात तिच्यासाठी पाणी घेऊन आला. ती दीड वर्षं तिला तू दिलीस. हे मी तुला कधी बोललो नाही. आपल्या घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

गेल्या आठवड्यात तुझ्या त्या जाड भिंगाच्या चष्म्यावाल्या सहकाऱ्याचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला, देव जाणे. बिचारा बराच वेळ अडखळत होता. म्हणाला, "काका, तिने प्रयोग सोडून कार्यालयात बदली मागितली आहे. चाचणीतल्या बॅटऱ्या उत्तम चालल्यात, पण ती तिकडे फिरकत नाही. म्हणते, कागदावर काहीही येऊ दे, आईच्या वेळी माझ्या चार्जरने बॅटरी खाल्ली होती." मी फोन ठेवला. आई गेली त्या दिवशी तू घरात पाऊल टाकलंस तेव्हा यंत्र गॅलरीत तसंच पडलं होतं आणि बॅटरी संपल्याचा लाल दिवा लुकलुकत होता, हे मला तेव्हा आठवलं. तू ते उचलून पाहिलंस, खाली ठेवलंस आणि काहीच विचारलं नाहीस. मी स्वयंपाकघरात असताना यंत्र बंद पडलं आणि मला कळलं नाही, असं तू धरून चालली असशील हे माझ्या मनातही आलं नाही.

तसं झालं नाही, ठकू. ती सकाळी आंघोळ करून, भरलेली बॅटरी लावून, उन्हाला गॅलरीत बसली होती. मी कॉफीचे कप घेऊन बाहेर आलो, तेव्हा तिची मान कलली होती. यंत्र चालू होतं आणि हिरवा दिवा लागलेला होता. नर्सबाई धावत वर आली, पाठोपाठ डॉक्टर आले. ते म्हणाले, हृदय थांबलं, झोपेत असल्यासारखी गेली. तिला आत नेऊन निजवलं आणि नर्सबाईने यंत्र बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या." का म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. घरात माणसं जमली, तुला फोन गेला, आणि मी गॅलरीत त्या यंत्राशेजारी बसून राहिलो. त्याची नळी जमिनीवर पडली होती आणि कुणीच घेत नसलेली हवा ते सोडत होतं. ऊन गॅलरीतून पार निघून गेलं तरी ते चालू होतं. नवी असताना ती बॅटरी जेवढा वेळ चालायची तेवढा वेळ, कणभरही कमी नाही. नर्सबाईला विचार हवं तर, तिने दोनदा येऊन पाहिलं होतं. मग ते तीनदा वाजलं आणि थांबलं. घर एकदम शांत झालं, आणि तेव्हा मला रडू आलं. तू पाहिलास तो लाल दिवा त्यानंतरचा. तो बदलीचा अर्ज मागे घे, बाळा.

तुझाच,
बाबा