दोन मिनिटांचं इंग्रजी

बार्शीटाकळी, बुधवार संध्याकाळ

हेडमास्तर आज म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगले शिकवणं म्हणत नाहीत. बंद करा."

दोन मिनिटं! कापूस वेचणीला गेलेल्या मुली महिनाभर वर्गात येत नाहीत, म्हणून त्यांच्या आयांच्या फोनवर रोज एक इंग्रजी वाक्य रेकॉर्ड करून पाठवते. तेवढ्यानं भाषा येते का? शंका मलाही होतीच.

इतक्यात त्यांच्यापैकीच एका मुलीची, शाहीनची आई ऑफिसच्या दारात. "मॅडम, आजचं वाक्य काहून नाही आलं? शेतात आमी बायाबी ऐकून राहिलो." मग सरांकडे वळून, अडखळत, "वी आर लिसनिंग, सर."

सोमवारचं वाक्य! मी तिला कधीच शिकवलं नव्हतं; पाठवलं होतं ते शाहीनसाठी.

 मी सरांसमोरच फोन काढला आणि आजचं वाक्य रेकॉर्ड केलं. काय करायचं ते करा म्हणावं.